एका अक्षराचा अर्थ

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी, स्वामीमलै हे मुरुगनाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. येथे पुत्राने पित्याला, म्हणजे मुरुगनाने साक्षात शिवाला, ॐकाराचा अर्थ सांगितला अशी श्रद्धा आहे. नावातील ‘मलै’ म्हणजे डोंगर. जीभ थोडी अधिक मागे वळली की जवळजवळ तसाच ऐकू येणारा, पाऊस या अर्थाचा दुसरा तमिळ शब्द होतो. मराठीत वेल आणि वेळ, मूल आणि मूळ यांच्यातही एवढेच अंतर आहे.

या मुलखाशी मराठीचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी तंजावरास राज्य स्थापन केले आणि मराठी कावेरीकाठी रुजली. तेथील दप्तरे मोडी लिपीत लिहिली गेली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. त्यामुळे ‘शिर’ म्हणजे मस्तक आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, दोन्ही एकसारखीच दिसत. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) वैद्यकाचे जाणकार होते. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत. अशा ठिकाणी शिर कोणते आणि शीर कोणती, हे वाचणाऱ्याने संदर्भावरूनच ओळखायचे. ‘शिरा’ तर देवनागरीतही फसवा आहे: अंगात शिरा, पानावर शिरा आणि ताटातही शिरा!

तंजावरकडील काही कुटुंबांत आजही मराठी बोलली जाते. लिहिण्यासाठी मात्र अनेकांच्या हाताशी तमिळ लिपीच असते. या लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. म्हणजे अंगावरचे कोड, झाडाचे खोड आणि जिभेला लागणारे गोड हे तीनही शब्द कागदावर एकरूप होतात. रोग, वनस्पती आणि चव! बोलताना कोणी चुकत नाही, कारण समोर माणूस असतो.

‘संदर्भाने कळते’ हे म्हणणे म्हणूनच निम्मेच खरे आहे. आजीने सांगितलेला काढा नातीने कानावर विसंबून टिपून ठेवला, की आजीबरोबर संदर्भही जातो. उरतो तो कागद. तेथे ‘खोड उगाळावे’ की ‘कोडावर लावावे’, हा प्रश्न गुणांचा नसून प्रकृतीचा असतो. शुद्धलेखन शिकवताना लाल शाईच्या खुणा फार होतात आणि अर्थाची ही बाजू क्वचितच दाखवली जाते. प्रौढ विद्यार्थ्याला त्यामुळे शुद्धलेखन म्हणजे निव्वळ जाच वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. लिपी कोणतीही असो, औषधाच्या टिपणात ‘झाडाचे’, ‘अंगावरचे’ असे एक पद अधिक लिहायला जागा कितीशी लागते?