ब्रिटनमधील पहिले वर्ष : व्हिसा, स्वयंपाकघर आणि आडनाव

आपल्या समाजातील मुलेमुली परदेशात शिकायला गेल्याच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्या बळावर विदर्भ-मराठवाड्यातील तरुण लंडन, एडिंबरा, मँचेस्टरपर्यंत पोहोचले. कोणी बँकेचे कर्ज काढून गेले, कोणी नर्स म्हणून, कोणी आयटी कंपनीतून. निवड झाली की वस्तीत बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो. प्रवेश, फी आणि मुलाखत यांवर मार्गदर्शन शिबिरेही होतात. तिथे गेल्यावर संसार कसा उभा राहतो, यावर मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. या लेखात ब्रिटनचे उदाहरण घेऊन ते बोलायचे आहे.

नव्याने गेलेल्या कुटुंबाचे पहिले मत बहुधा चांगलेच होते. मुलाला सरकारी शाळेत मोफत प्रवेश मिळतो, डॉक्टरकडे नाव नोंदवता येते आणि कुठल्याही खिडकीवर जातीचा दाखला मागितला जात नाही. घरमालक, शिक्षिका, बसचालक यांपैकी कोणालाच आपल्या आडनावाचा अर्थ कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आडनावावरून जोखल्या गेलेल्या माणसाला हा केवढा मोकळा श्वास असतो, हे वेगळे सांगायला नको. हा अनुभव खरा आहे. मात्र पहिल्या वर्षात या कुटुंबापुढे आणखी तीन प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे देश देत नाही, ती आपल्यालाच द्यावी लागतात.

कुटुंब म्हणजे कोण, हे व्हिसा ठरवतो

1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने नियम बदलला. एक वर्षाची एमए किंवा एमएस्सी करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आता साधारणपणे जोडीदार वा मूल सोबत नेता येत नाही. पीएचडी आणि संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवी यांना सूट आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठीही अपवाद आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या पत्राला तो लागू होतो का, हे अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. कर्ज काढून जाणाऱ्याला ही वाट नाही. लहान मूल असलेली एखादी विद्यार्थिनी असेल, तर तिला वर्षभर मुलाला आजीकडे ठेवूनच जावे लागते.

नोकरीवर जाणाऱ्यांचेही तसेच. 11 मार्च 2024 पासून केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना कुटुंब नेण्याची परवानगी बंद झाली आणि 22 जुलै 2025 पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवली गेली. याच तारखेपासून कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 41,700 पौंड झाली. आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलाला 776 पौंड आहे. नवरा-बायको आणि दोन मुले तीन वर्षांसाठी जाणार असतील, तर हिशेब 10,866 पौंडांवर जातो. ही दहा लाख रुपयांच्या पुढची रक्कम व्हिसाच्या अर्जासोबत एकदम भरावी लागते. काही कंपन्या ती भरतात, अनेक भरत नाहीत. नोकरीचा करार करतानाच हे विचारले पाहिजे.

शिवाय या व्हिसावर कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुले. आईवडील त्यात बसत नाहीत, ते फार तर पाहुणे म्हणून सहा महिने येऊ शकतात. मोलमजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या आईला मुलाचा संसार मोबाइलच्या पडद्यावरच पाहावा लागतो. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याची अट पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला. अशी अनिश्चितता लांबली की माणूस कामाच्या ठिकाणी अन्याय झाला तरी तोंड उघडायला घाबरतो, कारण नोकरी गेली तर सगळ्या घराचा व्हिसा जातो.

स्वयंपाकघरात समता पोहोचली का?

गावाकडे किंवा नागपूर-औरंगाबादच्या वस्तीत बाळंतपणाला, आजारपणाला चार बायका धावून येतात. तिथे सासू नाही, बहीण नाही, शेजारची मावशी नाही. पाळणाघर परवडत नाही. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला 15 तासांचे मोफत बालसंगोपन मिळते. नोकरदार पालकांना मिळणारे 30 तास मात्र नव्याने गेलेल्या कुटुंबाला बहुधा मिळत नाहीत, कारण त्यांच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असते. मग घरी कोण बसते? कुशल कामगाराच्या जोडीदाराला पूर्णवेळ नोकरी करण्याची मुभा आहे. तरीही बी.एड. किंवा एम.कॉम. झालेली आपली मुलगी पहिले वर्ष चार भिंतींच्या आत काढते. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, बँक खाते नवऱ्याचे, ओळखी नवऱ्याच्या.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा सन्मान करणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती देणे ही दोन आहेत. हे आपण विहारात ऐकतो. परदेशातील दोन खोल्यांच्या घरात भांडी कोण घासतो, मूल आजारी पडले की रजा कोण टाकतो, यावर ते तपासले जाते.

जाण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवता येतात. बायकोच्या पदव्यांचे मूल्यांकन तिच्या नावे करून घ्यावे. तिचे स्वतंत्र बँक खाते पहिल्या महिन्यात उघडावे. पासपोर्ट आणि व्हिसाचे लॉगिन तिच्या ताब्यात असावे. घरगुती हिंसाचार झाल्यास, नवऱ्याचा व्हिसा विद्यार्थ्याचा वा कामगाराचा असला तरी, पत्नीला तीन महिन्यांची स्वतंत्र तात्पुरती सवलत मागता येते. ही माहिती मुलीला तिच्या माहेरनेच देऊन ठेवावी.

आडनाव कोणाला कळते?

गोऱ्या शेजाऱ्याला आपले आडनाव कळत नाही, भारतीय सहकाऱ्याला पहिल्याच चहात कळते. "मूळ गाव कुठले, तिथे कुठल्या भागात, घरी गणपती बसतो का?" असे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. भारतीयांच्या गटात खोली भाड्याने देताना "फक्त शाकाहारी" असे लिहिलेले दिसते. पहिल्या दिवाळीचे आमंत्रण येते, तेव्हा एकटे पडू नये म्हणून कुटुंब जाते आणि 14 एप्रिलला काय असते हे कोणाला सांगत नाही.

ब्रिटिश कायदाही इथे अर्धवट आहे. 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला होती. 2013 च्या दुरुस्तीने ते बंधनकारक झाले. तिथल्या काही हिंदू संघटनांनी त्याला विरोध केला आणि जुलै 2018 मध्ये सरकारने माघार घेऊन प्रश्न न्यायालयांच्या निकालांवर सोडला. त्याला आधार होता 2014 च्या एका निर्णयाचा. भारतातून घरकामासाठी नेलेल्या एका महिलेच्या खटल्यात रोजगार अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जात ही वांशिक उगमाच्या व्याख्येत बसू शकते. पुढे 2015 मध्ये तिला थकीत वेतनापोटी 1,83,774 पौंड मंजूर झाले. म्हणजे संरक्षण आहे, पण ते कायद्याच्या मजकुरात ठळक लिहिलेले नाही. ज्याला भोगावे लागते त्यानेच ते सिद्ध करायचे.

मुलांना काय सांगायचे?

माझ्या मते पहिल्या वर्षातील सर्वांत मोठा निर्णय हाच आहे. "इथे जात नाही, मग मुलाच्या डोक्यात कशाला घालायची?" असे अनेक पालक प्रामाणिकपणे म्हणतात. पण मूल शाळेत जाते. इंग्लंडच्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा विषय असतो आणि त्यात बौद्ध धम्मही शिकवला जातो. तिथे मुलाला ध्यान, तिबेट, श्रीलंका भेटतात. 14 ऑक्टोबर 1956 चे नागपूर भेटेलच असे नाही. हिंदू धर्माच्या धड्यात वर्णव्यवस्था येते, तेव्हा शेजारी बसलेला भारतीय मुलगा विचारतो, "तू कोण?" घरी या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नसेल, तर मूल ते उत्तर दुसऱ्याकडून ऐकते आणि त्यात लाज मिसळलेली असते.

2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 2 लाख 73 हजार लोकांनी बौद्ध अशी नोंद केली. त्यांत थाई, चिनी, सिंहली, गोरे असे सगळे आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार 65 लाख बौद्ध असलेल्या महाराष्ट्रातून गेलेले कुटुंब तिथे मुठीएवढे ठरते. तरी ते निराधार नाही. पंजाबमधून गेलेल्या आंबेडकरी बांधवांनी वुल्व्हरहॅम्प्टन, साउथॉल, बेडफर्ड येथे दशकानुदशके काम उभे केले आहे. लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड ही बाबासाहेबांच्या वास्तव्याची वास्तू 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतली, त्यामागे तिथल्या आंबेडकरी-बौद्ध संघटनांचा पाठपुरावा होता.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येक तरुण कुटुंबाला काही सुचवावेसे वाटते. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात जवळची आंबेडकरी संस्था वा विहार शोधा, भाषा पंजाबी असली तरी जा. रविवारी घरी त्रिसरण-पंचशील घ्या आणि मुलांना ते मराठीत समजावून सांगा. प्रत्येक स्थानिक परिषदेला धर्मशिक्षणासाठी सल्लागार समिती असते, त्यात आपला प्रतिनिधी जाईल असे पाहा, म्हणजे धम्मदीक्षेचा इतिहास शाळेपर्यंत पोहोचेल. आणि इथल्या संघटनांनी सत्काराच्या कार्यक्रमातच परतलेल्या एखाद्या जोडप्याला बोलावून व्हिसा, बालसंगोपन आणि घरकाम यांवर तासभर बोलायला लावावे.

बाबासाहेब 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा माता रमाई मुंबईत दारिद्र्याशी झुंजत होत्या. त्या काळी दोघांना सोबत राहणे शक्य नव्हते. आज काही जोडप्यांना ते शक्य झाले आहे. त्या घरात रमाईच्या वाट्याला पुन्हा एकटेपण येऊ नये आणि मुलांच्या तोंडी "जय भीम" मोठ्याने यावा, एवढी जबाबदारी तरी पहिल्या वर्षापासून घेऊ या.

जय भीम, नमो बुद्धाय!