डिकीतली पेटी आणि गावाचे कान

गाडीच्या डिकीत सबवूफर बसवणाऱ्या पोरांबद्दल आमच्या वयाच्या माणसांचं मत ठरलेलं असतं. "कानठळ्या बसवायचे धंदे," एवढं म्हणून आम्ही मोकळे होतो. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी ज्या गाड्या येतात, नागाव-काशीदला वाळूच्या कडेला उभ्या राहतात आणि चारी दरवाजे उघडे टाकून वाजत बसतात, त्या ऐकल्यावर हे मत पालटणं कठीणच. हळदीच्या रात्री जे चालतं त्याबद्दल तर बोलायलाच नको. तरीही मला आज या पोरांची बाजू थोडी मांडायची आहे. सगळ्यांची नाही. जे हातात टेप आणि पेन्सिल घेऊन स्वतः पेटी करतात, त्यांची. आणि मग त्यांनाच दोन गोष्टी सांगायच्याही आहेत.

आधी ही पेटी म्हणजे काय ते पाहू. नुसता वूफर हवेत धरून वाजवला तर त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. त्याचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची दाबलेली हवा कडेने मागे पळते आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून त्याला पेटीत कोंडायचं. पेटी सगळीकडून बंद केली तर मागचा आवाज आतच मुरतो. पण पेटीला एक भोक पाडून त्यात मोजून कापलेला पाईप बसवला, तर एका ठरावीक सुराला तो मागचा आवाज उलटून पुढच्या आवाजाच्या मदतीला येतो. याला पोर्टेड बॉक्स म्हणतात.

हे ऐकायला नवं वाटलं तरी आपल्या कोकणाला नवं नाही. गोव्यातलं आणि सिंधुदुर्गातलं घुमट आठवा. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. वाजवणारा एका हाताने कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने ते उघडं तोंड झाकत-उघडत घुमारा कमीजास्त करतो. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पोर्टेड बॉक्समध्ये कातड्याच्या जागी वूफर येतो आणि उघड्या तोंडाच्या जागी पाईप, एवढाच फरक. घागर भरत आली की तिचा आवाज बारीक होतो, हे तर विहिरीवर पाणी भरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आत हवा कमी उरली की सूर चढतो. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा पोकळ भांड्यांच्या घुमण्याचा नीट विचार केला. पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० साली लाउडस्पीकरच्या अशा पेटीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९३२ साली ते त्यांना मिळालं. त्यानंतरही कित्येक वर्षं पेट्या अंदाजपंचेच बनत होत्या. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ साली लेख लिहिले, तेव्हा कुठे वूफरचे दोन-चार आकडे घेऊन कागदावरच पेटी ठरवता येऊ लागली. आज वूफरच्या खोक्यातल्या कागदावर जे आकडे छापलेले असतात ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात.

आमच्या आळीतला एक आयटीआय झालेला मुलगा गेल्या वर्षी एक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. "सर, एवढं गणित बघता का?" मी शाळेत मराठी शिकवायचो, पण आठवी-नववीचं गणितही बरीच वर्षं गळ्यात होतं. तर ते गणित असं. पाईपच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करायचा आणि त्याला २३,५६२.५ ने गुणायचं. आपल्याला पेटी ज्या कंपनसंख्येला घुमवायची आहे तिचा वर्ग आणि पेटीचं लिटरमधलं निव्वळ घनफळ यांचा गुणाकार करून त्याने भागायचं. आलेल्या उत्तरातून व्यासाची ०.७३२ पट वजा करायची. उरते ती पाईपची लांबी. ही वजाबाकी कशासाठी? तर पाईपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते, म्हणून पाईप असतो त्याहून लांब असल्यासारखा वागतो.

त्याचा वूफर १२ इंची होता. कागदावरच्या आकड्यांप्रमाणे त्याला ५५ लिटर निव्वळ जागा आणि ३५ हर्ट्झ हा सूर जमत होता. पेटीची आतली मापं धरली ६० बाय ३२ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे ६१.४ लिटर. त्यातून पाईपने व्यापलेले अडीच लिटर, वूफरच्या पाठीचे साधारण अडीच आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांचे दीडेक लिटर गेले की उरले ५५. पाईप घेतला घरोघरी सांडपाण्याला वापरतात तोच चार इंची पीव्हीसीचा, आतून १० सेंटिमीटर. हिशेब केला तर लांबी आली सुमारे २७.६ सेंटिमीटर, फळीची जाडी धरून. एवढा पाईप ३२ सेंटिमीटर खोलीत आडवा घातला तर त्याचं आतलं तोंड समोरच्या फळीच्या फार जवळ येतं आणि हवेला पुरेसा वाव राहत नाही. तोंडासमोर निदान पाईपच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी. म्हणून तो पेटीच्या लांबीच्या दिशेने बसवला.

आता याच पेटीत पाईप कापून ८ सेंटिमीटरचाच ठेवला तर काय होईल? ती ३५ ऐवजी ५३ हर्ट्झला घुमेल. त्यात गाडीची आतली पोकळी स्वतःच खालचे सूर फुगवते. तीन मीटर लांबीच्या पोकळीत साधारण ५७ हर्ट्झच्या खाली हे फुगणं सुरू होतं. म्हणजे पेटीचा फुगवटा आणि गाडीचा फुगवटा एकमेकांवर चढतात आणि भजन लावा, लावणी लावा की कोळीगीत लावा, डिकीतून एकच "धुम्म" येत राहतो. वूफरचे आकडे न बघता गाळलेल्या तयार पेट्यांचं हेच होतं. वाद्य बदललं तरी उत्तर एकच. लोकांना वाटतं बेस म्हणजे असाच असतो.

लाकडाचंही तसंच. तयार पेट्या बऱ्याचदा एमडीएफच्या असतात. कोरड्या हवेत ते उत्तम, जड आणि सपाट. आपल्या किनाऱ्यावर मात्र कापलेल्या कडेतून ओल शिरली की ते फुगतं आणि स्क्रू सैल होतात. इथे १८ मिलिमीटरचं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायच बरं. सांध्याला गोंद भरपूर, स्क्रू जवळजवळ आणि आतून प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉन. होडी बांधणारे सुतार फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून भरतात, कारण एक फट सगळ्या होडीला नडते. पेटीचंही तेच आहे. बारीक फटीतून हवा शिट्टीसारखी निघते आणि पाईपचं सगळं गणित फुकट जातं.

पेटी झाल्यावर तपासणीही सोपी आणि मजेची आहे. मोबाइलवरून एकेक शुद्ध सूर हळू आवाजात वाजवत खाली यायचं आणि शंकूवर बोट अलगद टेकवायचं. ज्या सुराला शंकू जवळजवळ थांबतो आणि पाईपच्या तोंडातून मात्र वारा जोरात येतो, तो पेटीचा सूर. त्या मुलाच्या पेटीत तो ३५ च्या आसपासच निघाला. त्याच्याही खाली गेलं की शंकूला पेटीचा आधार राहत नाही आणि तो वेडावाकडा हलू लागतो. म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये त्याखालचे सूर अडवणारी गाळणी लावावी लागते. ध्वनी, घनफळ, वर्ग, भागाकार, सुतारकाम, वीज... एवढं सगळं एका पेटीत आलं आणि कुणी परीक्षेची भीती घातली नाही. अशा मुलाला "वाया गेलेला" म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण मला खरा मुद्दा पुढचाच वाटतो. आपला कान हळू आवाजात खर्ज फार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. म्हणून ज्याच्या गाडीत खर्ज नीट येत नाही तो सगळंच वाढवतो. तबल्याचा बाया ऐकू यावा म्हणून तो गायिकेचा आवाजही कानात खुपेपर्यंत चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाइलसारख्या उपकरणांसाठी दिलेला आडाखा आठवड्याला ४० तास ८० डेसिबलचा आहे. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९५ डेसिबलला आठवड्याचे फक्त सव्वा तास. रोज अलिबाग-पनवेल करणाऱ्याने हा हिशेब स्वतःच मांडून बघावा. चांगली पेटी असेल तर खर्ज हळू आवाजातही भेटतो. पाईप ज्या पट्ट्यात साथ देतो तिथे ३ डेसिबल जरी हाती लागले, तरी निम्म्या वॅटमध्ये काम भागतं. थोडक्यात, ज्याला पेटी जमली त्याला आवाज मोठा करायची गरज उरत नाही. ही कला शांततेची शत्रू आहे असं मी म्हणूनच मानत नाही.

यावर कुणी म्हणेल, "सर, गरज नसली तरी पोरं करतातच की." खरं आहे. पाईप कुणाला अडवत नाही. मग कायदा अडवील का? सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण यात एक गोम आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. हे डेसिबल माणसाच्या कानाच्या मापाने मोजतात आणि त्या मापात खालच्या सुरांची मोठी वजावट होते. ४० हर्ट्झला ही वजावट जवळजवळ ३५ डेसिबल आहे. म्हणजे दारासमोर ८५ डेसिबलचा ४० हर्ट्झचा खर्ज घुमत असेल, तर यंत्र सांगेल सुमारे ५०. दिवसाच्या नियमात अगदी बसतो! इकडे खिडकीची तावदानं आणि मांडणीतली भांडी थरथरतात, आणि आजारी माणसाच्या छातीत धडधड होते. भर म्हणून भिंती वरचे सूर जेवढे अडवतात तेवढे खालचे अडवत नाहीत. गाणं बाहेर राहतं आणि धक्का तेवढा घरात येतो. तक्रार करायला गेलेला म्हातारा खोटा ठरतो, कारण यंत्राला जे ऐकू येत नाही ते त्याला जाणवलेलं असतं.

रात्रीची मर्यादा कडक आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण दिवसाच्या खर्जाचा प्रश्न यंत्रावर सोपवून सुटेल असं मला वाटत नाही. तो सुटला तर पेटी करणाराच सोडवील, कारण ३५ आणि ५३ यांतला फरक कळणारा गावात तोच एक आहे. ज्याला आपला सूर कुठपर्यंत पोचतो हे कागदावर मांडता येतं, त्याने "मला काय माहीत" म्हणू नये. अडाण्याच्या गोंगाटापेक्षा जाणत्याचा गोंगाट मला जास्त बोचतो.

म्हणून पेटीच्या कामात मी दोन पायऱ्या वाढवाव्यात म्हणतो. पहिली, सबवूफरची पातळी गाण्यात मिसळेपर्यंतच ठेवायची. बेस डिकीतून येतोय हे कळता कामा नये, तो गायकाच्या मागेच कुठेतरी बसलेला वाटला पाहिजे. बाया, पखवाज, ढोलकीची धुम बाजू हे सगळे वेगवेगळे ओळखू आले की पेटी उत्तीर्ण. दुसरी पायरी गाडीबाहेरची. नेहमीच्या आवाजात गाणं लावायचं, सगळे दरवाजे आणि काचा बंद करायच्या, खाली उतरून वीस पावलं चालायचं आणि तिथे उभं राहून ऐकायचं. पाय जिथे थांबतील तिथे एखाद्याचं घर आहे, असं धरायचं. धडधड तिथवर येत असेल तर परत जाऊन ती येईनाशी होईपर्यंत आवाज उतरवायचा आणि त्या जागी बटणावर पेन्सिलीने खूण करायची.

पाईप कापताना जसं मिलिमीटर बघून कापलंत, तसंच ही खूणही पाळा. एवढंच म्हणणं आहे.