संगणकाचे शिक्षण आणि उसाचे बिल



ऊसविकास विभागाच्या माणसाने शाळा-कॉलेजाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. बेणे, खत, पाणी, हुमणी हा आमचा विषय. परंतु मुलांच्या शिक्षणाचा खर्च उसाच्या सरीपर्यंत कसा येऊन पोचतो, हे बांधावरून फिरणाऱ्या माणसाला जेवढे दिसते तेवढे इतरांना दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आडसाली लागण आपण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात करतो. नत्राच्या एकूण मात्रेपैकी ४० टक्के हप्ता लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी द्यावयाचा असतो, म्हणजे साधारण सप्टेंबरात. फुटवे येण्याचा काळ हाच. आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ, फी, होस्टेलची अनामत हेही सारे येते जुलै ते सप्टेंबरातच. त्या वेळी सभासदाच्या हातात काय असते? गेल्या हंगामाचे पैसे कधीच संपलेले आणि सोसायटीचे पीककर्ज नुकते उचललेले. मग पीककर्ज पोराच्या फीत जाते आणि युरियाची पोती "दिवाळीनंतर बघू" म्हणून राहतात. उसाला दिवाळी समजत नाही. फुटव्यांची वेळ गेल्यावर दुप्पट खत टाकले तरी फुटव्यांची संख्या भरून येत नाही, आणि पुढच्या वर्षी टनेज बसले नाही की दोष बेण्याला किंवा आम्हाला मिळतो.

शिक्षणाला पैसा घालू नका, असे मी म्हणणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्या मुलखातले आपण लोक. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या शिक्षणासाठी आज आपण कर्ज काढतो त्याच शिक्षणाला जाणारा दुसरा एक रस्ता आपल्या दाराशी आहे, तो कमी खर्चाचा आहे, आणि केवळ प्रतिष्ठेपायी आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो.

दहावीचा निकाल लागला की हल्ली घरोघर एकच शब्द ऐकू येतो, कॉम्प्युटर. पोराला विचारा, पोरीला विचारा, आजीला विचारा. मग ठरलेली वाट सुरू होते. अकरावी-बारावी सायन्स, नाव एका ज्युनियर कॉलेजात आणि प्रत्यक्ष बसायचे क्लासमध्ये. क्लासची दोन वर्षांची फी, शहरात खोली, मेस. त्यानंतर सीईटी. त्यात पर्सेंटाइल चांगले आले तर उत्तम. नाही आले तर बाप कुणाची तरी चिठ्ठी घेऊन मॅनेजमेंट कोट्यातील जागेच्या मागे लागतो, आणि तेथे जो आकडा सांगितला जातो तो ऐकून पाणी-परवान्याच्या जमिनीकडे त्याची नजर जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. आपल्या गटात अशी खाती आहेत.

दुसरा रस्ता डिप्लोमाचा. दहावीनंतर तीन वर्षांचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा पदविका अभ्यासक्रम, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी प्रवेश परीक्षा नाही. तो झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि तोही डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी नाही. पुढची तीन वर्षे केली की हातात बी.टेक.ची पदवी, बारावीहून गेलेल्या मुलाला मिळते तीच.

येथे हमखास एक आक्षेप येतो. "सायेब, त्यात पोराचं एक वर्ष वाया जातंय." बोटांवर मोजा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन, तीही सहाच. वाया जात नाही एक दिवसही. फरक पडतो तो मध्येच थांबण्याची वेळ आली तर. बारावी करून सीईटीत मागे पडलेल्या मुलाच्या हातात बारावीचे गुणपत्रक असते. डिप्लोमा करून थांबलेल्या मुलाच्या हातात पदविका असते, ज्यावर नेटवर्कची, हार्डवेअरची, ऑफिसातल्या संगणकांची देखभाल करण्याची नोकरी शोधता येते. पगार मोठा नसतो हे खरे. पण घरात आजारपण आले, पाऊस गेला, भावकीचा दावा लागला, तर दोन वर्षे नोकरी करून पुन्हा पदवीकडे वळण्याची वाट उघडी राहते. शेतकऱ्याच्या घराला अशा वाटेची किंमत नोकरदाराच्या घरापेक्षा जास्त.

आता प्रतिष्ठेचे बोलतो. मी स्वतः कृषी पदविकेचा माणूस आहे, त्यामुळे "डिप्लोमावाला" हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो ते मला चांगले ठाऊक आहे. ज्याला गुण कमी पडले तो डिप्लोमाला गेला, अशी एक समजूत गावात घट्ट बसली आहे. वास्तविक चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरची जागा मिळवावयाची तर दहावीला भरपूर गुण लागतात. खुद्द अमेरिकेत, जेथे पोराला पाठविण्याची स्वप्ने आपण पाहतो, तेथे ही रीत फार जुनी आहे. तिकडे गावोगाव कम्युनिटी कॉलेजे असतात. घरी राहून थोड्या फीत पहिली दोन वर्षे तेथे करावयाची आणि मग उरलेल्या दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात जावयाचे. या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली निघाले. कॅलिफोर्निया राज्याने तर १९६० साली उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचा मार्ग अधिकृतपणे आखून दिला. ॲपल कंपनीचे मुख्यालय ज्या क्युपर्टिनो गावात आहे, त्याच गावात डी अँझा नावाचे असे एक कॉलेज आहे. तेथे दोन वर्षे प्रोग्रॅमिंग शिकून पुढे विद्यापीठात गेलेल्या मुलाला कुणी नाक मुरडत नाही, आणि त्याच्या शेवटच्या प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचेच असते. आपल्याकडे मात्र डिप्लोमा म्हटले की लग्नाच्या बैठकीत आवाज खाली येतो. असो.

आपल्या दोन जिल्ह्यांना तर घराबाहेर फार लांब जाण्याचीही गरज नाही. कराडला आणि मिरजेला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिवाय सहकारातून आणि खाजगी संस्थांतून निघालेली तंत्रनिकेतने तालुक्या-तालुक्यांत आहेत. पदवीसाठी सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. पुढे वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच साली इस्लामपूरजवळ साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. वसंतदादा उसाच्या सहकारातून वर आलेले. शेतकऱ्याच्या पोराला इंजिनिअर व्हायला मुंबई-पुण्याची पायरी चढावी लागू नये, हा हिशेब त्यामागे होता. घरून डबा घेऊन, एस.टी.च्या सवलतीच्या पासवर तंत्रनिकेतनाला जाऊन यावयाचे, तीन वर्षे होस्टेलचा खर्च नाही. मुलींच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच लागू आहे, कारण "पंधराव्या वर्षी पोरीला पुण्याला कशी ठेवू" या एका प्रश्नावर कितीतरी मुलींचे शिक्षण अडते.

एवढे सांगितल्यावर या रस्त्यावरचे खड्डेही सांगणे माझे काम आहे. नुसते बेण्याचे गुण सांगून रोगाचे नाव न घेणारा तो विक्रेता.

पहिला खड्डा जागांचा. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्के जागा वेगळ्या असतात, म्हणजे ६० च्या वर्गात ६. याखेरीज पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या असतील त्या मिळतात. वालचंदसारख्या ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा रिकाम्या राहतील ही आशा कुणी धरू नये. तेव्हा नामांकित कॉलेजात जावयाचे असेल तर डिप्लोमाला पास होऊन भागत नाही, वरच्या ओळीत यावे लागते. "सीईटी नाही" याचा अर्थ "अभ्यास नाही" असा ज्यांनी घेतला, त्यांची मुले अडकली.

दुसरा खड्डा गणिताचा, आणि तो जास्त खोल आहे. डिप्लोमातले गणित बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मानाने हलके. मूल थेट दुसऱ्या वर्षात जाऊन बसते आणि तेथे तिसऱ्या सत्राचे गणित समोर येते, त्याचा पाया इतरांनी पहिल्या वर्षात घातलेला असतो. पुष्कळ मुले येथे ठेचकाळतात. उलट सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, जावा हे विषय डिप्लोमाच्या मुलाने आधीच एकदा केलेले असतात, त्यामुळे प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला तो पुढे असतो. म्हणजे एका हाताने मिळते, दुसऱ्या हाताने जाते. उपाय सोपा आहे: डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेनंतर प्रवेश होईपर्यंत जी मोकळीक मिळते, तिच्यात बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित करून घ्यावयाचे. त्या सुट्टीत मुलगा ट्रॅक्टरवर बसला तर बापाला बरे वाटते, पण ते महाग पडते.

तिसरे इंग्रजीचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले सत्र जड जाते, नापास झाला की तो मनाने खचतो. त्या सहा महिन्यांत त्याला घरातून बोलणी खावी लागू नयेत. आणि गुणांची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पुष्कळ कंपन्या नोकरीसाठी मुलगा निवडताना दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के मागतात. एका ठिकाणी ५८ पडले तर पुढची हुशारी पाहण्याआधीच नाव गळते.

ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे, किंवा ज्याचे गणित खरोखरच उत्तम आहे आणि आय.आय.टी.चा ध्यास आहे, त्याने अकरावीलाच जावे. डिप्लोमाचा रस्ता त्याच्यासाठी नाही. आणि केवळ शेजारच्याने घेतला म्हणून कॉम्प्युटर घेऊ नये. संगणक क्षेत्रात नोकऱ्यांचा ओघ २०२३ नंतर पूर्वीसारखा राहिलेला नाही, साधा प्रोग्रॅम तर आता यंत्रच लिहून देते. मात्र जो पाया पक्का करून शिकतो त्याला काम आहे, आणि ते हिंजवडीतच आहे असे नाही. आपल्या कारखान्याचा काटा, लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, बिलाचा हिशेब हे सारे संगणकावर चालते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतील ओलावा मोजणारी यंत्रे यांवरून पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. वाफसा म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही असा संगणकवाला या कामाला हवा. तो आपल्याच घरात जन्मलेला असणार.

आता पैशाचे, कारण लेखाची सुरुवात त्यानेच केली आहे. शासनाच्या सवलती आहेत. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण गोम अशी की, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की देणगी गेली ती गेली, वर सवलतही गेली. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे मार्च-एप्रिलातच काढून ठेवावीत. जूनमध्ये सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभे राहून तलाठ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

सवलत मिळाली तरी वह्या-पुस्तके, पास, लॅपटॉप आणि उरलेली फी राहतेच, आणि ती येते भर आडसालीच्या हप्त्याच्या वेळी. यावर माझी एक सूचना आहे. ती सर्वांना पटेल असे नाही. "कपात" शब्द काढला की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, आणि आजवरच्या कपातींचा अनुभव पाहता ती का पडू नये? पण ही कपात सक्तीची नसावी. ज्या सभासदाचे मूल आठवीच्या पुढे आहे त्याने स्वतः लेखी अर्ज द्यावा, त्याच्या बिलातून टनामागे तो सांगेल तेवढी रक्कम कारखान्याने त्याच्याच नावावर जिल्हा बँकेत ठेव म्हणून भरावी, आणि ती व्याजासह जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याला मिळावी. कारखान्याने तिला हात लावू नये, येणे-बाकीत वळती करू नये. १२० टन ऊस घालणाऱ्या सभासदाने टनाला १०० रुपये ठेवले तर वर्षाला १२,००० होतात. आठवीपासून दहावीपर्यंत तीन हंगामांत ३६,००० आणि वर व्याज. एवढ्यात तंत्रनिकेतनाची सुरुवात व्यवस्थित होते आणि पीककर्ज खतालाच राहते. या योजनेचा अर्जाचा नमुना लेखापाल विभागाने तयार करावा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती मी मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळाकडे करीत आहे. ज्या सभासदांना ही सूचना मान्य असेल किंवा मुळीच मान्य नसेल, त्यांनी आपले म्हणणे सभेच्या आधी आपल्या गट कार्यालयात लेखी द्यावे.