लेकरं मेली, नोकर सापडला

निठारी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बंगला आठवतो. डी-५. नाला आठवतो. टीव्हीवर रात्रंदिवस फिरवलेला एका नोकराचा चेहरा आठवतो. नरभक्षक हा शब्द आठवतो. पण मेलेल्या पोरांपैकी एकाचं तरी नाव आठवतं का? नाही आठवत. मलाही नाही आठवत. तेव्हा शरमेनं मान खाली घालून इथूनच सुरुवात करू.

दिल्लीला चिकटून नोएडा. नोएडात सेक्टर ३१. सेक्टरात बंगले आणि बंगल्यांना खेटून निठारी गाव. गावात भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांतून बंगाल-बिहार-उत्तर प्रदेशातून पोटामागं आलेली माणसं. बाया बंगल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या. बाप्ये रिक्षा ओढणारे, इस्त्री करणारे, बिगारीला जाणारे. बंगल्याची घाण नाल्यात आणि नाल्याची घाण वस्तीच्या नाकात. हा नकाशा आपल्याला नवा नाही दोस्तांनो. गावकुसाबाहेरचाच नकाशा आहे हा, फक्त शहरात येऊन सिमेंटचा झालाय.

२००५-०६ ह्या दोन सालांत ह्या वस्तीतली पोरं एकामागून एक नाहीशी होत गेली. आईबाप चौकीवर गेले. पुन्हा गेले. चौकीवर काय ऐकायला मिळतं ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे असं नाही. पोरगी पळाली असेल कुणाबरोबर. येईल परत. घरी जाऊन बघ. कागद काढला नाही, पेन उघडलं नाही. पोर हरवलं आणि तक्रार लिहिली गेली नाही, म्हणजे सरकारच्या लेखी पोर हरवलंच नाही. जे हरवलं नाही ते शोधायचं कशाला?

आता ही दुसरी गोष्ट ऐका. नोव्हेंबर २००६. तेच नोएडा, तेच पोलीस. एका बड्या कंपनीच्या साहेबाचा तीन वर्षांचा मुलगा पळवला गेला. सगळं पोलीसदल कामाला लागलं, पेपरांचे मथळे झाले आणि आठवड्याच्या आत मुलगा घरी परत आला. आला ते चांगलंच झालं. लेकरू ते लेकरू, साहेबाचं असो की रिक्षावाल्याचं. पण मग सांगा, पोलिसांना पोर शोधता येत नव्हतं असं कसं म्हणता? येत होतं. उत्तम येत होतं. फक्त ते पोर कुणाचं हे आधी बघायची सवय होती.

शेवटी एका हरवलेल्या तरुण मुलीचा बाप कोर्टात गेला. कोर्टानं हुकूम दिला तेव्हा कुठं गुन्हा नोंदला गेला, मुलीच्या मोबाइलचा माग निघाला आणि तो डी-५ पर्यंत येऊन पोचला. २९ डिसेंबर २००६ ला बंगल्यामागच्या नाल्यातून हाडं आणि कवट्या निघायला लागल्या. हातानं गाळ उपसायला वस्तीतलीच माणसं पुढं होती. आपल्या पोरांची चप्पल, आपल्या पोरांचा फ्रॉक कुठला हे ओळखायलाही तीच होती. ह्या देशात गरिबानं आधी पोर गमवायचं, मग पोलिसाचं काम स्वतः करायचं आणि वरून पंचनाम्यावर अंगठाही स्वतःच उठवायचा.

आणि आता मुद्द्याचं बोलू.

त्या दिवशी खरा सवाल पोलिसांना विचारला जाणार होता. दोन वर्षं तुम्ही काय करत होता? हा सवाल अंगावर येतोय हे दिसताच सरकारला एक राक्षस हवा होता. तयार, हाताशी, स्वस्तातला. तो घरातच सापडला. सुरेंद्र कोली. बंगल्यातला नोकर. अल्मोड्याच्या डोंगरातला दलित. वकील लावायला दमडी नाही, बाजूनं बोलायला माणूस नाही. तो माणसं खातो, ह्या एका वाक्यानं देशाची झोप उडाली आणि पोलिसांची परत लागली. काही पोलीस निलंबित झाले, काही बडतर्फ झाले, मेलेल्या पोरांच्या घरी लाखाच्या हिशेबानं भरपाई गेली आणि सगळ्यांचं लक्ष राक्षसाकडं लागलं. २५ जानेवारी २००७ ला गाझियाबादच्या कोर्टाच्या आवारात कोलीला आणि त्याच्या मालकाला जमावानं बदडलं. त्या जमावात काळे कोटवाले वकीलही होते. ज्यांनी कायदा सांगायचा त्यांनीच निकाल देऊन टाकला.

केस सीबीआयकडं गेली. १९ गुन्हे नोंदले गेले, १६ मध्ये आरोपपत्र गेलं. पुरावा काय? कबुलीजबाब. तो कसा आला ते बघा. ६० दिवस माणूस पोलिसांच्या ताब्यात. ह्या साठ दिवसांत वैद्यकीय तपासणी नाही, सल्ला द्यायला वकील नाही. मग १ मार्च २००७ ला मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला आणि त्यानं घडाघडा सगळं सांगितलं म्हणे. त्याच जबाबात पढवल्याचा आणि छळाचा उल्लेख आहे. तरीही तो जबाब स्वखुशीचा! बाबासाहेब ज्या समितीचे अध्यक्ष होते तिनं घडवलेल्या घटनेच्या २० व्या कलमात साफ लिहिलंय, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. हे कलम काय फक्त ज्यांच्याकडं वकील आहे त्यांच्यासाठी आहे?

म्हणे ह्याच घरात पोरं मारली, ह्याच घरात कापली. तज्ज्ञांच्या पथकांनी घर धुंडाळलं. खुनांशी जोडता येईल असं माणसाचं रक्त घरात मिळालं नाही. डीएनए तपासणीनं मेलेली पोरं कुणाची ते सांगितलं, मारणारा कोण ते नाही सांगितलं. नाल्यातली हाडं कोलीनं दाखवली म्हणाले, तर साक्षीदार सांगतात की तो येण्याआधीच तिथं लोक जमले होते, खणणं सुरू झालं होतं. अवयवांच्या व्यापाराचा तपास करा असं केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानं नेमलेल्या समितीनं सुचवलं होतं. तो धागा धड ओढलाच नाही. कशाला ओढायचा? नोकर हातात होता ना!

आता मालकाचं काय झालं ते नीट वाचा, सगळी गोम तिथं आहे. पहिली केस एका १४ वर्षांच्या मुलीच्या खुनाची. सीबीआयनं मालक मोनिंदरसिंग पंधेरला त्यात खुनाचा आरोपी केलंच नव्हतं, कारण तो तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. तरी खालच्या कोर्टानं फेब्रुवारी २००९ मध्ये दोघांनाही फाशी सुनावली. सप्टेंबर २००९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं मालकाला सोडलं आणि नोकराची फाशी कायम केली. मालक सुटला ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पुरावा नसेल तर सोडलंच पाहिजे. माझा सवाल एवढाच, की मालकाचे कागद ज्या चष्म्यातून वाचले तो चष्मा नोकराचे कागद वाचताना कुठं ठेवला होता?

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीवर शिक्का मारला. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. कोलीला मेरठच्या तुरुंगात हलवलं, फास तयार झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये मध्यरात्रीनंतर सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावलं तेव्हा फाशी थांबली. जानेवारी २०१५ मध्ये, दयेच्या अर्जाला उशीर लावला म्हणून, हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली.

आणि १६ ऑक्टोबर २०२३ ला त्याच अलाहाबाद हायकोर्टानं कोलीला १२ केसेसमधून आणि पंधेरला २ केसेसमधून निर्दोष सोडलं. तपासाची लक्तरं वेशीवर टांगली. गरीब नोकराला राक्षस बनवून त्याच्यावर सगळं ढकलण्याचा सोपा रस्ता तपासानं धरला, ह्या अर्थाचं कोर्टानंच लिहिलं. हे मी म्हणत नाही, हायकोर्ट म्हणतं. जुलै २०२५ मध्ये त्यावरची अपिलं सुप्रीम कोर्टानं फेटाळली.

तरी एक केस उरली होती. गंमत बघा. कबुलीजबाब तोच, जप्त्या त्याच. बारा केसेसमध्ये खोटा आणि तेराव्या केसमध्ये खरा! शेवटचा दरवाजा म्हणजे क्युरेटिव्ह याचिका. ११ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ती मान्य केली. त्यात सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई. तेरावी शिक्षाही गेली आणि जवळजवळ १९ वर्षांनी कोली तुरुंगाबाहेर आला.

जर २०१४ च्या त्या रात्री कोर्टाचं दार उघडलं नसतं तर? मेलेल्या माणसाची याचिका कोण ऐकतं?

आता मी आपल्याच माणसांशी भांडणार आहे. मोर्चा निघाला की आपण काय ओरडतो? फाशी द्या, फाशी द्या. आपल्या पोरीबाळींवर अत्याचार होतात, आपल्या वस्त्या जळतात, म्हणून घशातून ते येतं. तो राग खोटा नाही. पण दोस्तांनो, हा दोर वळतो कोण आणि तो येऊन पडतो कुणाच्या गळ्यात? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल काढा. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांत ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुबळे, ७६ टक्के मागास वर्गांतले आणि धार्मिक अल्पसंख्य. दोर आंधळा नाही. त्याला पत्ता बरोबर सापडतो.

लांब कशाला जाता? आपल्या नाशिकचं बघा. २००३ मधला दरोडा, खून आणि बलात्काराचा खटला. आरोपी सहा, सहाही भटक्या जमातीतले, मजूर. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना फाशी दिली. त्यातल्या तिघांची हायकोर्टानं जन्मठेप केली होती, ती वाढवून दिली! आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली. भरपाई प्रत्येकी ५ लाख. हिशेब करा, एका वर्षाची किंमत किती पडते? आणि खरे गुन्हेगार सोडून ह्यांना धरलं, तेव्हा त्या मेलेल्यांना तरी कुठला न्याय मिळाला?

मला ठाऊक आहे, कुणीतरी म्हणेल, म्हणजे तू खुन्याची वकिली करतोस. नाही रे बाबा. मी त्या निठारीच्या आयांची वकिली करतोय. निकाल लागले तेव्हा त्या म्हणाल्या, ह्यांनी नाही मारली तर मग आमची लेकरं मारली कुणी? ह्या सवालाला आज भारत सरकारकडं उत्तर नाही. तपास खोटा करणाऱ्यानं नोकराची १९ वर्षं चोरली हे एक, आणि त्या आयांचा न्याय चोरला हे दुसरं. दोन्ही चोऱ्या एकाच हातानं केल्यात. आई आणि नोकर ह्यांना एकमेकांसमोर उभं करून तो हात मागच्या मागं पसार झालाय. आपण त्या दोघांतून एकाची बाजू घ्यायची नाही. आपण तो हात धरायचा.

म्हणून आता घोषणा बदला. फाशी मागणं सोपं आहे, ती सरकारला परवडते. एक नोकर टांगला की सगळ्यांचे हात धुऊन होतात. त्याऐवजी न परवडणारं मागा. निठारीच्या चौकीवर आईबाप गेले तेव्हा तक्रार कुणी लिहून घेतली नाही, त्याचं नाव मागा. साठ दिवस वकील का दिला नाही, त्याचा जाब मागा. व्यापाराचा धागा का सोडला, तो कागद मागा. आणि उद्या आपल्या वस्तीतलं पोर संध्याकाळी घरी आलं नाही, तर दहा जण मिळून चौकीवर जा. तक्रार लिहून घेतल्याशिवाय, तिची नक्कल हातात पडल्याशिवाय उठू नका. बसा तिथंच. रात्रभर बसा.

कारण निठारीचा पहिला खून नाल्यात नाही झाला. तो चौकीच्या टेबलावर झाला, न उघडलेल्या पेनानं.