विसरलेली हुडी

वर्गात लिओनार्दोच्या ब्रेल टंकयंत्राची खडखड सुरू झाली की मागची पोरं फिदीफिदी हसतात. जन्मांध लिओला शाळेतून घरापर्यंत सोडणारी एकच मैत्रीण, जिओवाना. मग गॅब्रिएल हा नवा मुलगा वर्गात येतो आणि त्या दोघांच्या वाटेला तिसरा वाटेकरी मिळतो. दानिएल रिबेइरो यांच्या ‘द वे ही लुक्स’ या ब्राझिली चित्रपटाने २०१४ साली बर्लिनमध्ये टेडी पुरस्कार मिळवला.

प्रेम नजरेपासून सुरू होतं, असं आपण (आपले गीतकार तर फारच) धरून चालतो. इथे गॅब्रिएल हुडी विसरून जातो आणि लिओ रात्री तिचा वास घेत पडतो. रिबेइरो हे न लाजता, न चेकाळता दाखवतात.

माझ्या मनाला मात्र जिओवानाच जास्त लागली. प्रेमभंगाला निदान गाणी असतात; जिवाचा मित्र दुरावतो तेव्हा नुसतं रुसायचं.

दोन पुरुषांमधलं असं प्रेम आपल्याकडेही पडद्यावर आलं आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा मुख्य ज्युरी पुरस्कार मिळाला. त्याचा नायक आनंद तिशीतला आहे. लिओसारख्या शाळकरी वयात हा आनंद कसा होता, तेही कधी पाहायला मिळावं.