चेंडूला बंदी, मग खेळायचे कुठे?

परवा रात्री नऊच्या सुमारास दवाखाना आवरत असताना सतरा वर्षांचा एक मुलगा आला. राहणार पत्र्याच्या वस्तीत, दिवसभर मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे उभा. पाठ दुखते आणि जिना चढला की धाप लागते, एवढीच तक्रार. वजन ४९ किलो, अंगाने काटकुळा, पण रक्तदाब १३८/९०. एका मोजणीवर काही ठरवायचे नसते, म्हणून आठवड्याने परत बोलावले आणि सवयीने सांगून टाकले, "रोज तासभर पळ, खेळ."

तो हसला. "कुठं खेळू डॉक्टर? बागेत चेंडू चालत नाही. आणि मी सुटतो आठला, साडेआठला बागेचं फाटक बंद."

मी गप्प बसलो. बागेत चेंडू खेळण्यास मनाई करावी, असा अर्ज तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेला गेला, त्यावर माझीही सही आहे. एका निवृत्त गुरुजींचा चष्मा चेंडू लागून फुटला होता आणि आम्ही सकाळचे फिरणारे चिडलो होतो. ही पोरे मग जातील कुठे, हा विचार सही करताना, खरे सांगतो, मनात आला नाही.

गरिबाचे पोर राबतेच की, त्याला व्यायाम कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. पण दहा तास एका जागी उभे राहिल्याने पाय सुजतात, हृदय व फुप्फुसे बळकट होत नाहीत. बारीक आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही खरे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले, की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, स्नायूंनीही कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. दिसायला सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, याचे एक उत्तर यात आहे. स्नायू वाढवायचे, हाडे भरायची, ती याच वयात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल सांगते. २०१६ च्या आकडेवारीनुसार ११ ते १७ वयाच्या जगातील शंभरातल्या ८१ आणि भारतातील सुमारे ७४ मुलामुलींची तेवढी होत नव्हती. मुलींचे तर विचारूच नका. आमच्या बागेत त्या दिसतात त्या धाकट्या भावाला झोका देताना.

पैसेवाल्यांची मुले जिममध्ये जातील. (तिथल्या पावडरींविषयी पुन्हा कधीतरी.) इतरांना हवी फक्त जागा. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे सध्या वाळका पाला टाकतात, तिथे ते सहज बसेल आणि कुणाचा चष्माही फुटणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. पण नगरपालिका शाळेच्या मैदानाला पाच वाजता कुलूप लागते. दहापर्यंत एक दिवा आणि एक रखवालदार मिळाला, तर मुलीही येतील.

आणखी एक. विकास आराखड्यात खेळासाठी राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देतो आणि नंतरही पालिका हलली नाही, तर आरक्षण जाते. आपल्या वॉर्डातले मैदान नकाशावर तरी आहे का, हे एकदा पालिकेत जाऊन पाहावे.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे मी आता दुसरा अर्ज लिहिला आहे. मागच्या अर्जावरच्या अकरा जणांपैकी गुरुजींसह चौघांनी सही केली. बाकीचे "बघू" म्हणाले. अर्ज येत्या शनिवारपर्यंत दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलावर आहे.