वर्ण गेला, भेद राहिला!

पांढऱ्या केसांचे, गुलाबी कातडीचे, उन्हात डोळे किलकिले करणारे एखादे पोर शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी त्याचे नाव हरवते. कोणी त्याला 'भुऱ्या' म्हणते, कोणी 'इंग्रज'. शेजारच्या मुलाला घरून ताकीद मिळते, त्याला कोड आहे, त्याच्याजवळ बसू नको! कोड वेगळे आणि आल्बिनिझम वेगळा. कोडात असलेला रंग डागाडागांनी जातो, आल्बिनिझममध्ये तो जन्मापासूनच नसतो किंवा फार कमी असतो. आणि संसर्गाने दोन्ही होत नाहीत.

लॅटिन भाषेत 'आल्बस' म्हणजे पांढरा. बघणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले, तेच त्या माणसाचे नाव झाले! शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य नीट तयार होत नाही, एवढेच कारण. बहुतेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून तसे जनुक यावे लागते. दोघांचाही रंग चारचौघांसारखा असतो, म्हणून गावाचे बोट मात्र एकट्या आईकडे वळते. हा कुठला न्याय?

खरी अडचण कातडीपेक्षा नजरेची आहे. दृष्टिपटलाची वाढ अपुरी राहते, डोळे सतत हलत राहतात, चष्मा लावूनही पुरते दिसत नाही. फळा दिसत नाही म्हणून पोर गप्प बसते आणि गुरुजी त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतात.

मराठीत याला 'वर्णहीनता' म्हणतात. 'वर्ण' या शब्दाने आपल्या समाजाचे काय केले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वर्णाचा अर्थ मुळात कातडीचा रंग नव्हता, असे बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात मांडले. तो वाद इथे नको, पण 'हीन' हे शेपूट माणसाला का जोडायचे? 'आल्बिनिझम असलेली व्यक्ती' म्हणावे. लांब वाटेल, पण त्यात माणूस शिल्लक राहतो.

माणूस शिल्लक राहिला नाही की काय होते, ते टांझानियाने पाहिले. तिथे सुमारे १४०० जणांत एकाला आल्बिनिझम असल्याचा अंदाज आहे. त्यांच्या अवयवांनी धनलाभ होतो, या मांत्रिकी थापेपायी लहान मुलांचे हातपाय तोडले गेले, कबरी उकरल्या गेल्या. त्याच देशात २०१० साली आल्बिनिझम असलेले सालुम बारवानी लोकांच्या मतांवर खासदार झाले, हेही लक्षात ठेवावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठराव करून १३ जून हा जागृतीचा दिवस ठरवला. आफ्रिकेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. नरबळीविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला २०१३ साली करावा लागला आणि त्याआधी डॉ. दाभोलकरांचे रक्त सांडले!

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत आल्बिनिझमचे नाव नाही. पण 'अल्पदृष्टी' आहे आणि नजर त्या निकषात बसली तर प्रमाणपत्र मिळते. किती पालकांना हे ठाऊक आहे? वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी अशा घरी जावे, मुलाची नेत्रतपासणी करवून घ्यावी, शाळेत त्याला पहिला बाक आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके मागावीत. आणि दुपारच्या उन्हात कवायतीला उभे करतात, तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असू द्या, असे गुरुजींना बजावून यावे. या कातडीला कर्करोगाचा धोका मोठा असतो.